पुढल्या हंगामाचे लग्न

लखमा,

तुझ्या दिवसकार्याला, तुझ्याच अंगणात, मी तुझे एक वाक्य खोटे ठरवले. सगळा पाडा बसलेला होता. तू असतास तर मान खाली घालून हसला असतास आणि मला बसायला सांगितले असतेस. तू नव्हतास, म्हणून मी उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते तुला कळायला हवे. तो प्रसंग कसा आला, हेही सांगायला हवे. त्यातले काही तुला मुळीच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्याचे कारण मी आहे.

हे इतरही वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेल्या दोन गोष्टी लिहितो. मी सरकारी मोजणी खात्यात होतो. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या जमिनी मोजणे हे माझे काम. मी नकाशाच्या फळ्यापाशी, तू मोजणीच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला. सत्तावीस वर्षे आपल्या दोघांत तेहतीस फूट अंतर राहिले. तेवढ्या अंतरावरून माणूस चांगला ओळखता येतो.

मोजणी संपली की ज्याचे शेत असेल त्याने ताडी आणायची, असा या भागातला शिरस्ता होता. मी घेत नसे. नाकारले तर यजमान दुखावतो, म्हणून माझ्या वाट्याचा पेला तुझ्याकडे सरकवला जाई. 'साहेबांची मोजणी साहेबांनी करायची, साहेबांची ताडी लखमाने प्यायची', हे वाक्य कचेरीत विनोद म्हणून चाले. ते मीच तयार केले होते. निवृत्तीच्या समारंभातही मी ते सांगितले आणि सगळ्यांत मोठ्याने तूच हसलास.

तुझी मुलगी सुमन दहावीला बसली त्या वर्षी तू दारू सोडलीस. कोणी शपथ घातली नव्हती. एका सोमवारी नाही म्हणालास आणि त्यानंतर नाहीच म्हणत राहिलास. त्याला दहा वर्षे झाली. या दहा वर्षांत तुला पिणारा म्हणणे अन्यायाचे झाले असते. आतमध्ये मात्र जे सुरू झाले होते ते थांबले नव्हते.

गेल्या माघात तू माझ्याकडे डहाणूला आलास. चपला हातात होत्या, कारण त्या पायात जात नव्हत्या. सदऱ्याची खालची दोन बटणे उघडी होती. ओट्यावर टेकलास आणि पोटावर हात ठेवून म्हणालास, "सायब, बायामानसासारखा पोट आलाय. जरा मोजून द्या, कितवा महिना."

मी हसलो नाही. तुझ्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

चार दिवसांनी आपण सीमेपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तू, तुझी घरवाली जेठी आणि मी. पोटाची तपासणी झाली, घशातून नळी घालून पाहिले, रक्त दोनदा काढले. सगळे अहवाल आले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, घरचे कोण? जेठी पुढे सरकली. मी तिला बसायला सांगितले आणि आत गेलो. तिला कळणार नाही, असे मी तेव्हा धरून चाललो.

डॉक्टर तरुण होते, गुजराती होते, आणि मराठी नीट बोलण्याचा प्रयत्न करत होते.

"जुओ काका, लिव्हर आता दगडासारखं कडक झालंय. पंधरा-वीस वर्षं ते गुपचूप बिघडत होतं, तेव्हा काही दिसलं नाय. पोटात पाणी आलं, म्हणजे आजारानं उंबरठा ओलांडला. आता परत बाहेर नाय जाणार."

"किती दिवस?"

"असं नाय सांगता येत."

"अंदाज सांगा."

त्यांनी तुझ्या रक्ताचे कागद माझ्याकडे वळवले. कावीळ किती, रक्त गोठायला किती वेळ लागतो, मूत्रपिंड कसे चालते, सोडियम किती, या आकड्यांवरून एक गुण काढतात, असे म्हणाले. गुण जितका वर तितका धोका जवळ. मग म्हणाले, "पण काका, हा गुण अशा शंभर माणसांबद्दल बोलतो. बाहेर बसलेत त्यांच्याबद्दल नाय बोलत."

मी पुन्हा विचारले. आकडा मिळाल्याशिवाय मी कोणत्याही कचेरीतून उठलेलो नाही.

"कोणी तीन महिन्यांत जातो," ते म्हणाले. "कोणी मीठ सोडून, औषध घेऊन, पाणी काढत काढत दोन वर्षं काढतो. मध्ये रक्ताची उलटी झाली, पोटातल्या पाण्यात जंतू झाले, नायतर डोक्यावर असर झाला, तर सगळा हिशेब एका दिवसात फिरतो. आणि दारूचा एक थेंब पण नको."

लिव्हर बदलण्याचा विषय त्यांनी काढला. घरातले कोणी आपला भाग देऊ शकते, असेही सांगितले. तो विषय मी तुझ्यापर्यंत पोहोचवला, एवढे माझ्या बाजूने नोंदवतो. तू विचारलेस, "घरातला म्हंजे कोण? सुमनचा पोट कापायचा?" आणि पुढचे ऐकून घेतले नाहीस.

बाकीचे मी पोहोचवले नाही. माझ्या वहीत दोन आकडे होते, तीन आणि चोवीस. मी त्यांचा मध्य काढला. साडेतेरा महिने. हा आकडा डॉक्टरांनी दिलेला नव्हता. त्यांच्या तोंडून तो कधीच निघाला नाही. तरी दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तो मला त्यांचाच वाटू लागला होता.

तू गाडीच्या सावलीत उभा होतास. "काय बोलला?"

"औषध नियमाने घ्यायचे. मीठ बंद. दारू तर बंदच आहे. नियम पाळलास तर वेळ भरपूर आहे."

"आयकला गो?" तू जेठीला म्हणालास. "भरपूर हाय."

आता लग्नाचे लिहितो. तू आणि जेठी बत्तीस वर्षे एका घरात राहिलात. शेत केले, घर शाकारले, मुलगी वाढवली, शिकवली. लग्न मात्र लागलेले नव्हते; धवलेरीने, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या बाईने, ते लावले नव्हते. पहिल्या वर्षी भात बुडाले, पुढे घर पडले, मग तुझी आई गेली, मग कोणाचे काही आणि कोणाचे काही. तुमच्यात याला कोणी वावगे मानत नाही. नवराबायको म्हणून सगळे तुम्हाला ओळखत होते. पण दोन गोष्टी अडत होत्या. लग्न न लागलेल्या बाईला दुसऱ्याच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकाचे चित्र लिहायला हात लावता येत नाही. जेठीचा हात पाड्यात सगळ्यांत सुरेख. तो बत्तीस वर्षे भिंतीपासून लांब राहिला. दुसरी गोष्ट अधिक अवघड. आईबापाचे लग्न लागल्याशिवाय लेकीचा मांडव पडत नाही. सुमनचे ठरलेले होते.

चैत्रात विवळवेढ्याला देवीची जत्रा भरली तेव्हा तू मला मुद्दाम बोलावून घेतलेस. देवीसमोर जाण्याइतके चालणे तुला जमले नाही. आपण हमरस्त्याच्या बाजूला एका चिंचेखाली बसलो. समोरच बांगड्यांचे दुकान होते आणि जेठी तिथे उकिडवी बसून हिरव्या बांगड्या मनगटावर चढवून पाहत होती.

"भगताला सांगून ठेवलाय," तू म्हणालास. "धवलेरीला बी सांगितलाय. वैशाखात करू."

"काय करू?"

"लगीन."

"कोणाचे?"

"माझा. मंग काय तुमचा करू?"

जेठीने पाठमोरीच हसून घेतले. "सायबांना कोण देतंय आता," ती म्हणाली.

मी विचारले, "लग्नात दारू असणार?"

"देवाला दाखवायला लागंल. मंग मना देतील. एक घोट."

"डॉक्टरांनी एक थेंबही नको म्हटले आहे."

"एका घोटानं काय हुतंय? दहा वर्सं शिवलो नाय. तो घोट मी पेनार नाय सायब, तो लगीन पेतंय."

"मग लग्न थांबव."

तू रस्त्याकडे पाहिलेस. गुजरातच्या बाजूने येणाऱ्या गाड्या जत्रेच्या गर्दीत खोळंबल्या होत्या.

"औंदा नको," मी म्हणालो. "पुढच्या माघात सुमनच्या मांडवात तुमचेही लागू दे. आधी तुमचे, मग तिचे. तोवर प्रकृती सावरेल. मग एका घोटाची काळजी नाही."

प्रकृती सावरणार नाही, हे मला ठाऊक होते. वहीतला आकडा दवाखान्याच्या दिवसापासून मोजला, तर तो माघ बारा महिन्यांवर येत होता. दीड महिना शिल्लक राहत होता. मला ते सुरक्षित वाटले.

"पुढल्या वर्साला मी असन का?"

"असशील."

तू माझ्याकडे वळलास. शेताच्या बांधावर दोन भावांचे भांडण लागले की त्यांच्या वतीने तू मला ज्या आवाजात विचारायचास, त्याच आवाजात विचारलेस, "मोजून बोलता?"

"मोजून बोलतो."

त्यापुढे तू काही विचारले नाहीस. सत्तावीस वर्षांत माझ्या मोजणीवर तू एकदाही शंका घेतली नव्हतीस. दुकानाकडे हाक मारून सांगितलेस, "जेठे, पुढल्या वर्साला." तिने बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि दुकानदाराच्या पेटीत परत रचल्या. किंमत विचारली नाही.

त्या दुपारबद्दल आपले भांडण अपुरे राहिले. तुझे म्हणणे बरोबर होते, असे मी आजही मानत नाही. तो घोट तुला घातक ठरला असता, हे शक्य होते. माझे चुकले ते तुला अडवण्यात नव्हे. निवड तुझी होती, आणि निवडायला जे लागते ते मी वहीत बंद करून ठेवले.

पाड्यात तू काय सांगितलेस ते मला उशिरा कळले. भगताने विचारले, धवलेरीने विचारले, भावकीने विचारले. सगळ्यांना तू एकच उत्तर दिलेस, "माझाच इचार फिरला. मना घाई नाय." माझे नाव घेतले नाहीस. का घेतले नाहीस, हे विचारायची वेळ आता गेली. मी तर्क करणार नाही.

ज्येष्ठात तुझ्या पोटातले पाणी पहिल्यांदा काढले. पाच-सहा बाटल्या भरल्या. परत येताना तू गाडीत बारीक झालेल्या पोटावर थाप मारून म्हणालास, "बाळंत झालो." तीन आठवड्यांत पोट पुन्हा तेवढेच झाले. आषाढात दुसऱ्यांदा काढले, तेव्हा दोन आठवडेही गेले नाहीत. दोन खेपांमधले अंतर कमी होत होते. मी ते वहीत लिहीत होतो आणि त्याच पानावर वर लिहिलेल्या साडेतेराकडे पाहत नव्हतो.

मीठ बंद होते. तरी एकदा तुझ्या उशाखाली चिंचणीचे सुके बोंबील सापडले, कागदात गुंडाळलेले. मी जेठीवर रागावलो. तू मध्ये पडलास.

"तिला नका बोलू. मी मागवला."

"डॉक्टरांनी काय सांगितले आहे?"

"मीठ नाय, दारू नाय, लगीन नाय," तू म्हणालास. "मंग सायब, मी जगून कोनाची साखळी धरू?"

मी बोंबील उचलून बाहेर टाकले. मांजराने ते अंगणातच खाल्ले आणि तू ते खाटेवरून पाहत राहिलास. हे कृत्य मला आता शोभणारे वाटत नाही.

श्रावणात दुसरा प्रकार सुरू झाला. तू दिवसभर झोपू लागलास आणि रात्रभर जागा राहू लागलास. सुमनने फोनवर सांगितले की बा काहीतरीच बोलतो. मी उधव्याला, तुझ्या घरी, आलो. डॉक्टरांनी शिकवले होते त्याप्रमाणे तुला दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले. पंजे स्थिर राहिले नाहीत. वाऱ्याने झेंडी फडफडावी तसे ते पुन्हा पुन्हा खाली पडत होते. ज्या हातांनी भर वाऱ्यात साखळी एका रेषेत ताणून धरली, ते हे हात. मी तुला हात खाली घ्यायला सांगितले. तुला वाटले मोजणी संपली. "पुरी झाली का?" तू विचारलेस. "मंग खुणा गाडू."

फोनवर डॉक्टर फार बोलले नाहीत. लिव्हर जे गाळून काढत नाही ते रक्तातून डोक्यात जाते, एवढे समजावले. पातळ गोड औषध वाढवायला सांगितले, म्हणजे पोट साफ होत राहील. शेवटी म्हणाले, "काका, तुम्हाला सांगितलं होतं ना, हिशेब फिरतो."

त्या संध्याकाळी डहाणूला परतल्यावर मला माझ्या खात्याचा नियम आठवला. एका रेषेची दोन मापे वेगळी आली, तर मध्य काढायचा असतो, हे खरे. पण फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तरच. फरक मर्यादेबाहेर गेला तर दोन्ही मापे रद्द करायची आणि पुन्हा शेतात जायचे. नव्या कर्मचाऱ्याला मी हे पहिल्या दिवशी शिकवत असे. तीन आणि चोवीस यांचा मध्य काढणाऱ्याच्या हाती मी साखळी दिली नसती. मी डॉक्टरांकडे पुन्हा जायला हवे होते. दर महिन्याला जायला हवे होते, दर वेळी नवे कागद पुढे ठेवून विचारायला हवे होते. मी पाणी काढायला तुला नेत होतो, तेव्हा ते डॉक्टर समोर उभे असत. विचारले नाही. आकडा हाती होता, म्हणून विचारले नाही.

तेव्हाही लग्न लावता आले असते का, हे मी जेठीला विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. भात शेतात उभे असताना तुमच्यात मांडव पडत नाही.

भाद्रपदात औषधाने तू थोडा शुद्धीवर आलास. एका दुपारी अगदी पूर्वीसारखा होतास. मला बसायला पाट दिलास, जेठीला चहा ठेवायला सांगितलेस. मी त्या दिवशी सगळे सांगायचे ठरवून आलो होतो. तू विचारलेस, "माघाला किती राहिला?"

"पाच महिने."

तू बोटांवर मोजलेस आणि म्हणालास, "सुमनच्या आधी आमचा लागंल ना? एका दिसात दोन, धवलेरीचा गळा बसंल."

मी म्हणालो, लागेल. चहा घेतला आणि निघालो. लखमा, त्या दुपारी मला कोणी अडवले नव्हते.

आश्विन लागला, भाताला रंग चढू लागला, आणि एका दुपारी जेवता जेवता तुला रक्ताची उलटी झाली. सुमनने जीप मिळवली. तलासरीच्या रुग्णालयात त्यांनी करता येईल ते केले. मी पोहोचलो तेव्हा जेठी बाहेर बाकावर बसली होती आणि तिचा पदर कोपरापर्यंत लाल होता. तिने मला पाहिले. माघापासून तो आठवा महिना होता.

आता दिवसकार्याचे. तांदूळ वेगळे काढून झाले, तुझ्या नावाचे पान ठेवून झाले, आणि पाड्यातली म्हातारी माणसे पडवीत बसली. सुमनच्या लग्नाचा प्रश्न त्याच दिवशी सोडवायचा होता. रावजीबाबा सगळ्यांत वडील. त्यांनी सुरुवात केली.

"लखमाचा लगीन लागला नाय. पोरीचा मांडव कसा पडंल?"

मग तेच म्हणाले, "एक वाट हाय. जेठीला लखमाच्या कोयत्यासंगं बसवायची, नवऱ्याच्या जागी कोयता. मी पोर होतो तवा एकदा केला होता. पन तो मानूस लगीन मागत मागत मेला होता. लखमानं सोताच टाळला."

"मना बी बोलला होता," भगत म्हणाला. "घाई नाय बोलला."

"मना बी."

"सगळ्यांनाच बोलला."

"ज्यानं जित्तेपनी टाळला, त्याच्या नावानं मेल्यावर कसा लावायचा?" रावजीबाबा म्हणाले. "देव काय बोलंल?"

सुमन दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, नसेल होत तर राहू दे. आम्ही असेच राहू. आयस राहिली तसे." आवाज सरळ होता. तिने मान फिरवून घेतली.

मी जेठीकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. जत्रेत ती आपल्यापासून चार हातांवर होती. तिने सगळे ऐकले होते. ती एक वाक्य बोलली असती तर प्रश्न सुटला असता. पण तू पाड्याला दिलेले उत्तर ती खोटे ठरवणार नव्हती. ते काम माझे होते.

मी उभा राहिलो. म्हणालो, "लखमाने टाळले नाही. त्याला वैशाखातच लग्न करायचे होते. भगताला सांगून ठेवले होते, ते त्याने उगाच सांगितले नव्हते. मी त्याला थांबवले. त्याने माझे नाव घेतले नाही, म्हणून आज मी घेतो."

"तुमी कशापायी थांबवला?"

"लग्नात दारू घ्यावी लागेल म्हणून."

"मंग एक वरीस थांबून काय झाला असता? देव दारू सोडनार होता?"

मी डॉक्टरांचे बोलणे सांगितले. तीन महिने, दोन वर्षे, सगळे.

रावजीबाबांनी हातातली विडी पेटवली नाही. "म्हंजे तुमाला माघातच ठाव होता."

"होय."

"लखम्याला?"

"नाही."

"आनि तुमी त्याला बोललात, येळ हाय."

"होय."

मागून कोणीतरी म्हणाले, "आमच्या हद्दी बी अशाच दाखवल्या असतील." दोघे-तिघे हसले. मी उभाच राहिलो. सत्तावीस वर्षांच्या कामावर पहिल्यांदा शंका घेतली गेली होती, आणि तिला हरकत घेण्याचा अधिकार मी गमावला होता.

म्हाताऱ्यांनी फार वेळ घेतला नाही. लखमा मागत मागत गेला, असे त्यांनी मानले. येत्या माघात मांडव पडेल. आधी जेठी तुझ्या कोयत्याशेजारी बसेल, मग सुमन. चौक जेठीसाठी दुसऱ्या बाया लिहितील. सुमनसाठी मात्र जेठी स्वतः लिहू शकेल. ते ऐकून जेठीने पहिल्यांदा मान वर केली.

जेठी मला रस्त्यापर्यंत पोहोचवायला आली. तुझ्या शेताच्या कडेने आम्ही चाललो. भात कापणीला आले होते.

"डाक्टर आत काय बोलला, ते मना तवाच सांगायचा होता," ती म्हणाली.

"तुला कळणार नाही असे वाटले."

"तीन महिनं मना कळतात, सायब."

बांध अरुंद झाला आणि ती पुढे झाली.

"मी त्याला एक घोट पाजला असता आनि लगीन लावला असता. मंग तो तीन महिन्यांनी मेला असता का तीन दिसांनी, ते माझा मी बघितला असता."

"होय."

"तो तुमच्यावर रागावला नव्हता. मी हाय का, ते मना अजून ठाव नाय."

रस्ता आला. जीप यायला वेळ होता. ती तरीही थांबली.

"एक सांगते. लगनाला येऊ नका. सुमन बोलावणा धाडंल, ती पोर हाय. तुमी येऊ नका. तुमी समोर बसलात तं मी कोयत्याकडं बघायची सोडून तुमच्याकडं बघन."

लखमा, माझ्या आयुष्यात माझ्या कामाला जो काही मान मिळाला, त्यातला अर्धा साखळीच्या दुसऱ्या टोकाचा होता. हे तुला निवृत्तीच्या समारंभात सांगायला हवे होते. त्या दिवशी मी ताडीचा विनोद सांगितला.

सुमनचे बोलावणे काल आले. मी माघात डहाणूलाच राहीन. जेठीच्या म्हणण्यात मला दुरुस्त करण्यासारखे काही आढळले नाही.